रिटर्न भरणाऱ्याचे नाव रिटर्नवर येऊ द्या

प्रति,
मा. अध्यक्ष,
केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळ,
नवी दिल्ली.



१४ जुलै २०२५ रोजी आपल्या खात्याने देशभरात दीडशे ठिकाणी एकाच वेळी पडताळणी हाती घेतली. प्राप्तिकराच्या विवरणपत्रात खोट्या वजावटी घालून लोकांना परतावा काढून देणारे मध्यस्थ हे तिचे लक्ष्य होते, आणि ज्या राज्यांची नावे खात्याच्या निवेदनात आली त्यांत महाराष्ट्रही होता. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी विवरणपत्रे दुरुस्त करून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे स्वतःहून मागे घेतले, असेही त्या निवेदनात होते. या मोठ्या आकड्यांमागे एक बारीक गोष्ट झाकली गेली. हे मध्यस्थ ठोक रिटर्न भरण्यापुरते तात्पुरते ईमेल पत्ते उघडतात, काम उरकले की ते सोडून देतात, आणि खात्याच्या नोटिसा त्या पत्त्यांवर कोणी न वाचता पडून राहतात. हे पत्र त्या एका गोष्टीविषयी आहे. नोटीस टाकून दिलेल्या पत्त्यावर जाते, कर, व्याज आणि दंड करदात्याच्या दारात येतात, आणि ज्याने रिटर्न भरले त्याचे नाव सबंध कागदपत्रांत कुठेच सापडत नाही. योग्य कर सल्लागार निवडणे ही करदात्याची जबाबदारी, असे कायदा धरून चालतो. ती निवड करायला जी माहिती लागते, ती मात्र त्याला कोणीच देत नाही. ती देणे मंडळाचे काम आहे, असे माझे म्हणणे आहे.

शिरड शहापूर हे औंढा नागनाथ तालुक्यातले, औंढा–वसमत रस्त्यावरचे मोठे गाव. मल्लिनाथ भगवानांच्या दिगंबर जैन मंदिरामुळे बाहेरगावचे लोक ते ओळखतात. गावाचा व्यवहार मात्र हळद, सोयाबीन, कापूस यांच्याभोवती फिरतो. हळद विकायची तर वसमतचा बाजार, नाहीतर हिंगोलीचे संत नामदेव मार्केट यार्ड. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामुळे या पट्ट्यातल्या व्यापाराकडे आता बाहेरूनही लक्ष आहे. अशा भागात कराचे काम कोणाला पडते? अडत्याला आणि खरेदीदाराला पडते, कृषी सेवा केंद्रवाल्याला पडते, जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला, पतसंस्थेला, शेतकरी उत्पादक कंपनीला, देवस्थानाच्या न्यासाला पडते. रस्त्यात किंवा प्रकल्पात जमीन गेल्यामुळे आयुष्यात एकदाच मोठी रक्कम हाती आलेल्या शेतकऱ्यालाही पडते. यांतल्या प्रत्येकाचा प्रश्न वेगळा, त्याला लागणारा जाणकारही वेगळा. प्रत्यक्षात मात्र बहुतेक जण शेजाऱ्याचे रिटर्न ज्याने भरले त्याच्याकडेच जातात, कारण दुसरा कोणी आहे का, तो काय शिकलेला आहे, हे कळायची सोयच नाही. गावात ज्याला सगळे वकीलसाहेब म्हणतात त्याच्याकडे वकिलीची सनद असेलच असे नाही, आणि ते विचारायला कोणी धजत नाही.

माणूस चुकीचा निवडला तर काय होते, हे हळदीच्या अडत्याच्या हिशेबात सगळ्यात स्वच्छ दिसते. शेतकऱ्याचा माल गाळ्यावर उतरतो, बोली होते, काटा होतो. खरेदीदाराचे पैसे अडत्याच्या खात्यात जमा होतात आणि हमाली, तोलाई वगैरे खर्च धरून शेतकऱ्याची पट्टी तयार होते. वर्षभरात त्या खात्यातून तीन-चार कोटी रुपये फिरले, तरी त्यातले अडत्याचे स्वतःचे काही लाखच. आता त्याची उलाढाल किती धरायची? मंडळानेच १७ मार्च १९८६ रोजी परिपत्रक क्रमांक ४५२ काढून हा प्रश्न सोडवलेला आहे. कच्च्या, म्हणजे दुसऱ्याच्या वतीने माल विकून देणाऱ्या, अडत्याची उलाढाल म्हणजे त्याचे एकूण कमिशन, मालाची किंमत त्यात धरायची नाही. पक्का, म्हणजे स्वतःच्या नावावर व्यवहार करणारा, अडत्या असेल तर मात्र विक्रीची सबंध रक्कम धरायची. ज्याला हे ठाऊक नाही तो बँकेचे उतारे बघून चार कोटींची उलाढाल लिहून मोकळा होतो, अडत्याला नसलेल्या ऑडिटची भीती घालतो आणि पुढच्या प्रत्येक वर्षाचा हिशेब बिघडवून ठेवतो. दुसरी चूक याहून घातक. छोट्या व्यापाऱ्याला हिशेबाची वही न दाखवता उलाढालीच्या ८ किंवा ६ टक्के नफा दाखवण्याची सोय १९६१ च्या जुन्या कायद्याच्या कलम ४४एडी मध्ये होती. कमिशन किंवा दलाली कमावणाऱ्याला आणि एजन्सीचा धंदा करणाऱ्याला ती कायद्यानेच नाकारली होती. तरीही कमिशनचा आकडा उलाढालीच्या रकान्यात टाकून त्यावर ८ टक्के लावले, तर फॉर्म काही अडवत नाही, रिटर्न निघून जाते, आणि दोन-तीन वर्षांनी तपासणीत निघाले की खरे उत्पन्न दाखवलेल्या उत्पन्नाच्या कितीतरी पट होते. अडत्याने काही लपवलेले नसते. त्याने वह्या दिलेल्या असतात, पट्ट्या दिलेल्या असतात. चूक निवडीची असते, आणि ती करताना त्याच्यासमोर पारखण्यासारखे काहीच नव्हते.

रोखीचे तसेच. एका वर्षात बँकेतून १ कोटीहून जास्त रोख काढली तर वरच्या रकमेवर २ टक्के कर कापला जातो. बाजार समितीत शेतकऱ्यांचे पैसे चुकते करणाऱ्या अडत्यांना आणि व्यापाऱ्यांना २० सप्टेंबर २०१९ च्या अधिसूचनेने यातून सूट मिळाली, पण त्यासाठी बँकेकडे योग्य ती माहिती वेळेत द्यावी लागे. जाणकाराने सांगितले नाही तर ऐन हंगामात भांडवल अडकून बसणार. दहा हजारांवरच्या रोख खर्चाला मज्जाव करणाऱ्या कलमातही शेतमालाचे पैसे थेट पिकवणाऱ्याला दिले तर अपवाद होता, आणि शेतकऱ्याने दोन लाखांच्या आत रोखीने माल विकला तर अडचण नाही, असे ३ नोव्हेंबर २०१७ च्या परिपत्रकात मंडळाने सांगितले होते. त्या अपवादाचा आधार घ्यायचा तर पट्टीवर शेतकऱ्याचे नाव, गाव, मालाचे वजन नीट आलेले हवे. ते हंगामातच सांगावे लागते. मार्च उलटल्यावर सांगून उपयोग नाही. शेतकऱ्याच्या बाजूनेही तेच. हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून बाजारात नेली तोवर ते शेतीचे उत्पन्न, कारण माल बाजारात नेण्याजोगा करायला शेतकरी सर्रास एवढे करतोच. हळकुंडे दळून पावडरीची पाकिटे विकायला घेतली की त्यातला एक भाग धंद्याचा होतो. शेतकरी उत्पादक कंपन्या आज नेमक्या याच वळणावर उभ्या आहेत. पतसंस्थेचे तर आणखी कठीण. सहकारी संस्थांना मिळणारी कलम ८०पी ची वजावट रिटर्न मुदतीत भरले तरच मिळे. सल्लागाराने एक तारीख चुकवली की शेकडो सभासदांच्या संस्थेचा नफा करपात्र.

ज्याला हे सगळे कळते असा माणूस निवडावा, हे खरेच. पण कळणे म्हणजे काय याचाही अर्थ गेल्या काही वर्षांत पालटला आहे. पूर्वी नांदेड-परभणीकडे लोक सल्लागार बघत तो ‘साहेबांशी ओळख’ असलेला. १३ ऑगस्ट २०२० पासून चेहराविरहित तपासणी सुरू झाली. आता शिरड शहापूरच्या अडत्याचे प्रकरण देशातल्या कुठल्याही शहरातल्या अधिकाऱ्यापुढे जाऊ शकते, आणि त्याचे नाव अडत्याला कळतही नाही. त्या अधिकाऱ्याने कदाचित हळदीचा बाजार कधी पाहिलेला नसेल. त्याच्यासमोर असतात फक्त बँकेतले चार कोटी आणि रिटर्नमधले सहा लाख. या दोन आकड्यांमधले अंतर कागदावर समजावून सांगणारे उत्तर, सोबत पट्ट्या, बाजार समितीचा परवाना आणि १९८६ चे ते परिपत्रक, एवढ्यावर प्रकरणाचा निकाल ठरतो. ओळखीचे मोल गेले आणि लिहिण्याचे मोल वाढले, हा बदल चांगला आहे आणि त्याचे श्रेय आपल्या खात्याला आहे. पण लोकांची निवडीची सवय जुनीच राहिली. ज्याला बाजाराची रीत कळते, इंग्रजीत मुद्देसूद उत्तर लिहिता येते, आणि ते पाठवण्याआधी अशिलाला मराठीत वाचून दाखवायची ज्याची तयारी आहे, तो आज खरा सल्लागार. असा माणूस वसमतला असेल, हिंगोलीला असेल, कदाचित गावातही असेल. त्याचे हे गुण लोकांना दिसावेत अशी व्यवस्था नाही.

कोणाकडून काय होते, तेही लोकांना धडपणे सांगितलेले नाही. करखात्यापुढे आपल्या वतीने कोण उभे राहू शकतो हे १९६१ च्या कायद्याच्या कलम २८८ मध्ये होते आणि १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यातही आहे: नातेवाईक, नोकर, वकील, चार्टर्ड अकाउंटंट, ठरावीक शिक्षण घेतलेले कर व्यावसायिक. ऑडिटवर सही फक्त सीएची. अपिलीय न्यायाधिकरणापर्यंत सीए आणि वकील दोघेही चालतात. उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात जायचे तर वकीलच लागतो, आणि तिथे अपील फक्त कायद्याचा मोठा प्रश्न असेल तरच करता येते. खटला भरला गेला, छापा पडला, तर पहिल्या दिवसापासून वकील हवा. त्याउलट वर्षाच्या हिशेबासाठी मोठ्या शहरातल्या नामांकित वकिलाकडे धाव घेण्यात अर्थ नाही. पहिले अपील दाखल करण्याची सरकारी फी अडीचशे ते एक हजार रुपयांत बसते. खरा खर्च अपिलात काय लिहायचे हे जाणणाऱ्याचा. आणि फीविषयी एक कसोटी कोणालाही लावता येते. परताव्याच्या टक्केवारीवर पैसे मागणारा माणूस टाळावा. सीएला टक्केवारीने किंवा निकालावर अवलंबून फी घेण्यास त्यांच्या कायद्याने मनाई आहे, काही ठरावीक अपवाद सोडून. वकिलालाही निकालावर फी ठरवता येत नाही. म्हणजे टक्केवारी मागणारा एकतर आपला नियम मोडतो, किंवा त्याला बांधणारा नियमच नसतो. सीएने दिलेल्या दाखल्यावर यूडीआयएन हा अठरा अंकी ओळख क्रमांक असतो आणि तो कोणालाही तपासता येतो. सीए नसलेले लोक सीएच्या नावाने दाखले देऊ लागले म्हणून २०१९ पासून ती व्यवस्था सक्तीची झाली. लोकांच्या हातात आज असलेले एवढे एकच साधन खरोखर कामाचे आहे, आणि ते करखात्याने दिलेले नाही.

आता मूळ दुखण्याकडे येते. रिटर्न भरून द्यायला कसलेही शिक्षण लागत नाही, नोंदणी लागत नाही. सहीची आणि सत्यतेची सगळी जबाबदारी करदात्याची. समजा एका शिक्षकाला मध्यस्थाने खोटे घरभाडे आणि नाव न ऐकलेल्या पक्षाला दिलेली देणगी दाखवून ४०,००० रुपयांचा जादा परतावा काढून दिला आणि दहा टक्के, म्हणजे ४,००० रुपये घेतले. चुकीची माहिती देऊन उत्पन्न कमी दाखवले असे ठरले तर दंड बुडवलेल्या कराच्या २०० टक्के. शिक्षकाने ४०,००० परत करायचे, ८०,००० दंड भरायचा, वर व्याज. मध्यस्थाचे ४,००० त्याच्याकडेच राहतात. खोटे रिटर्न भरायला मदत करणाऱ्याला तुरुंगवास देणारे कलम कायद्यात आहे, पण ते वापरायचे तर आधी त्याचे नाव हवे. अहवालात चुकीची माहिती दिली म्हणून सीएला दर अहवालामागे १०,००० रुपये दंड करता येतो, कारण त्याची सही तिथे असते. त्याच्याविरुद्ध सीएंच्या संस्थेकडे तक्रार करता येते, वकिलाविरुद्ध बार कौन्सिलकडे. ज्याने सही केली नाही, नाव लिहिले नाही, ईमेलही खोटा दिला, त्याच्यापर्यंत यातले काही पोचत नाही. जो नियमाने वागतो तोच सापडतो, अशी ही रचना आहे. तालुक्याच्या गावी प्रामाणिकपणे काम करणाऱ्या सल्लागारांवरही तिचा अन्याय होतो. ‘तो अमुक इतके काढून देतो, तुम्ही का नाही?’ असे अशील विचारतात आणि पुढच्या वर्षी निघून जातात.

हे बदलायला नवे काही शोधावे लागणार नाही. जीएसटीच्या पोर्टलवर नोंदणी झालेले जीएसटी प्रॅक्टिशनर जिल्ह्यानुसार शोधता येतात. प्राप्तिकराला तशी यादी का नसावी, याचे उत्तर मला सापडत नाही. खुद्द आपल्या खात्याने २००६ साली टॅक्स रिटर्न प्रिपेअररची योजना आणली, पदवीधरांना प्रशिक्षण दिले, आणि अनेक वर्षे रिटर्नच्या फॉर्मवर शेवटी त्यांच्यासाठी रकाना ठेवला: ओळख क्रमांक, नाव, प्रतिस्वाक्षरी. तोच रकाना पैसे घेऊन रिटर्न भरणाऱ्या प्रत्येकासाठी खुला करायचा, एवढीच माझी मागणी आहे. अमेरिकेत पैसे घेऊन रिटर्न भरणाऱ्या प्रत्येकाला २०११ पासून क्रमांक घ्यावा लागतो आणि तो रिटर्नवर लिहावा लागतो. सही करायला नकार देणारा दिसला की दूर राहा, असे तिथले करखाते दरवर्षी लोकांना बजावते. ऑस्ट्रेलियात कर व्यावसायिकांची सार्वजनिक नोंदवही आहे. जर्मनीत तर मोबदला घेऊन कर सल्ला देणे हे मोजक्या परवानाधारक व्यवसायांचेच काम आहे. इतके कडक आपल्याकडे नको, आणि चालणारही नाही.

पहिला आक्षेप इथेच येईल. नोंदणी आली की तालुक्याचे छोटे सल्लागार, सेवा केंद्र चालवणारी मुले, निवृत्त लेखनिक बाजूला पडतील आणि गावाला मदतच उरणार नाही. हा आक्षेप मला खरा वाटतो, म्हणूनच मागणी क्रमांकाची आहे, परीक्षेची नाही. अमेरिकेत क्रमांकापाठोपाठ करखात्याने परीक्षा लावू पाहिली, तेव्हा २०१४ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने ती रद्द ठरवली. क्रमांक मात्र टिकला. नाव सांगण्याने कोणाचे पोट मारले जात नाही. उलट जो नीट काम करतो त्याच्या नावाला दहा वर्षांनी वजन येते. मुलांनी पैसे घ्यावेत, फॉर्म भरावेत, फक्त खाली आपले नाव लिहावे. पदवी नसेल तर यादीत तसे दिसेल, आणि अशिलाने ते बघून ठरवावे. साध्या पगारदाराला कदाचित तेवढा माणूस पुरेसा असेल, अडत्याला नसेल. वकिलांना जाहिरात करायची मनाई आहे, मग यादी कशी, असाही प्रश्न निघेल. सार्वजनिक संस्थेने ठेवलेली नोंद ही जाहिरात नव्हे, आणि नाव, पत्ता, सनद क्रमांक, शिक्षण, कामाचे क्षेत्र एवढी माहिती संकेतस्थळावर द्यायला बार कौन्सिल ऑफ इंडियाने २००८ मध्येच मोकळीक दिली आहे.

दुसरा आक्षेप असा की आता याची गरजच संपत आली. फॉर्म आधीच भरलेला येतो, वार्षिक माहितीपत्रात व्याजापासून व्यवहारांपर्यंत सारे दिसते, नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही, वजावटी जवळपास नाहीत, मग खोट्या दाखवणार कुठे? पगारदाराच्या बाबतीत यात तथ्य आहे, आणि परताव्याचा धंदा त्यामुळे मंदावेल. पण वर अडत्याचे जे उदाहरण दिले त्यात वजावटीचा संबंधच नव्हता. वार्षिक माहितीपत्रात रोख काढल्याची रक्कम दिसते, ती शेतकऱ्यांच्या पट्ट्या चुकत्या करायला काढली हे दिसत नाही. जमीन गेलेल्या शेतकऱ्याला मोबदला मिळाल्याचे दिसते. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम ९६ खाली त्यावर प्राप्तिकर नाही, आणि मंडळानेच २५ ऑक्टोबर २०१६ च्या परिपत्रकात तसे मान्य केले आहे, हे दिसत नाही. नागपूर–गोवा शक्तिपीठ महामार्गाच्या आखणीत आमचा जिल्हा आहे. उद्या जमिनी गेल्या तर ‘टक्क्यावर कर वाचवून देतो’ म्हणणारे आधी पोचतील आणि मुळात नसलेला कर वाचवल्याचे पैसे घेतील. शिवाय कायदा बदलला म्हणून जुन्या वर्षांचे तंटे मिटत नाहीत. त्या वर्षांच्या नोटिसा जुन्याच कायद्याखाली चालणार. पुढची काही वर्षे सल्लागाराला दोन्ही कायदे हाताशी ठेवावे लागतील. जाणकाराची गरज वाढण्याचा हा काळ आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत टोचणारा. लोकांनाच परतावा हवा असतो, ते जाणूनबुजून अशांकडे जातात, त्यांची कीव कशाला? काही जण नक्कीच जाणूनबुजून जातात, आणि त्यांना दंड व्हावा. पण आपल्या खात्याचा अनुभव आणखी काही सांगतो. आधी संदेश पाठवून चूक सुधारायची संधी दिली, तेव्हा ४०,००० लोकांनी ती घेतली. त्यांतल्या कित्येकांना आपल्या नावावर काय दाखवले आहे हे त्या संदेशानंतरच कळले असण्याचा संभव आहे. ज्याचा ईमेल आणि मोबाइल पोर्टलवर मध्यस्थाचा आहे, त्याच्यापर्यंत तो संदेश पोचलाच नाही. तो खोटा होता की फसला होता, हे ठरवायचीही सोय उरत नाही. रिटर्नवर भरणाऱ्याचा क्रमांक असता, तर एकाच क्रमांकाखाली शेकडो रिटर्नमध्ये तेच घरभाडे, तीच देणगी दिसली असती. तपास त्या एका माणसापासून सुरू करता आला असता.

म्हणून विनंती. पुढच्या वर्षाचे फॉर्म अधिसूचित होतील तेव्हा त्यांत ‘हे विवरणपत्र कोणी तयार केले’ असा रकाना असावा, त्यात ‘मी स्वतः’ हा पर्याय असावा, आणि मोबदला घेऊन ते दुसऱ्याने भरले असेल तर त्याचे नाव, शिक्षण आणि क्रमांक यावा. क्रमांक पोर्टलवर विनामूल्य मिळावा. अशा सर्वांची तालुकावार यादी पोर्टलवर मराठीतही असावी. पोर्टलवरचा मोबाइल करदात्याच्या आधारशी जोडलेल्या मोबाइलहून वेगळा असेल, तर प्रत्येक नोटिशीची सूचना आधारच्या मोबाइलवरही जावी, मराठीत, दोन ओळींत: कोणत्या वर्षाची, कोणत्या तारखेच्या आत उत्तर. पहिल्या वर्षी रकाना ऐच्छिक ठेवला तरी चालेल. औंढा नागनाथ तालुक्याची यादी निघाली की ती छापून ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि बाजार समितीच्या कचेरीबाहेर लावायचे काम गावातले लोक करतील. त्यासाठी खात्याला एक रुपयाही खर्च येणार नाही.

कळावे.

एक करदाता,
शिरड शहापूर,
ता. औंढा नागनाथ, जि. हिंगोली